क्लेअरची एलिझाबेथ आणि आपलं हक्कसोडपत्र

मामाने भाचीला पोरांसकट कैदेत टाकलं, तिची सगळ्यात चांगली जमीन तिच्याच बहिणीच्या नवऱ्याच्या घशात घातली, बदल्यात कमी उत्पन्नाची जमीन दिली म्हणजे कागदावर अदलाबदल दिसेल, आणि पुढे ती बदलीची जमीन पण एक दावा लावून काढून घेतली. वर तिच्याकडून लिहून घेतलं की आम्हाला विचारल्याशिवाय लग्न करणार नाही आणि कुणाला जमीन देणार नाही. कुठल्याही तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात बसलं तर असल्या गोष्टी ऐकायला मिळतात म्हणून कुणाला वाटेल हे आपल्याकडचंच आहे, पण हे १३२२ सालचं इंग्लंड आहे, मामा म्हणजे राजा दुसरा एडवर्ड, बहिणीचा नवरा म्हणजे त्याचा लाडका ह्यू डेस्पेन्सर, आणि भाची म्हणजे एलिझाबेथ डी क्लेअर, जिला पहिल्या नवऱ्याच्या आडनावाने एलिझाबेथ डी बर्ग पण म्हणतात.

या बाईबद्दल मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचतोय आणि मला दर वेळी एकच गोष्ट टोचते. तिच्यावर अन्याय झाला तेव्हा कायदा तिच्या बाजूचा होता. हे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण आपण बायकांच्या हक्काचं बोलताना नेहमी असं धरून चालतो की आधी कायदा वाईट होता, मग चांगला झाला, आणि चांगला झाला म्हणजे प्रश्न मिटला. एलिझाबेथच्या आयुष्यात कायदा बऱ्यापैकी चांगला होता, कागद चोख होते, तिचं नाव त्यावर होतं, आणि तरीही तिचं काहीच चाललं नाही. का चाललं नाही ते बघण्यासारखं आहे.

तर आधी ती जमीन तिच्याकडे आली कशी ते सांगतो. एलिझाबेथचा जन्म १२९५ चा, बाप गिल्बर्ट डी क्लेअर, ग्लॉस्टरचा अर्ल म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार, त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदारांपैकी एक, आणि आई जोन म्हणजे राजा पहिल्या एडवर्डची मुलगी. बाप तिच्या जन्मानंतर तीन महिन्यांत गेला. तेराव्या वर्षी तिचं लग्न लावलं आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या अर्लच्या मुलाशी, जॉन डी बर्गशी, आणि त्याच वेळी जॉनची बहीण मॉड हिचं लग्न एलिझाबेथच्या भावाशी लावलं. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात, दुसरा शब्दच नाही. पाच वर्षांत जॉन एका किरकोळ चकमकीत मारला गेला, पदरात लहान मुलगा. आणि १३१४ च्या जूनमध्ये बॅनकबर्नला स्कॉटलंडच्या फौजेने इंग्रजांचा धुव्वा उडवला त्यात एलिझाबेथचा एकुलता एक सख्खा भाऊ गिल्बर्ट मेला. वय तेवीस. मूल नाही.

इथे इंग्लंडचा कायदा काय म्हणत होता बघा. मुलगा असेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची, धाकट्यांना काही नाही. पण मुलगा नसेल तर सगळ्या मुलींना सारखा वाटा, थोरली धाकटी असा फरक नाही, आणि वारस नसलेल्या भावाची जमीन बहिणींना मिळायची तिथेही हाच नियम. म्हणजे भावाभावांत अन्याय आणि बहिणीबहिणींत समान वाटणी, असा विचित्र पण स्पष्ट नियम होता. अशा एकत्र वारस झालेल्या बहिणींना त्या कायद्यात एक शब्द होता, कोपार्सनर. सगळ्या मिळून एक वारस, आणि वाटणी होईपर्यंत सगळ्यांचा सगळ्या जमिनीवर हक्क.

हा शब्द आपल्याकडे ज्यांनी जमिनीचा दावा लढवलाय त्यांना चांगला माहीत आहे. वकील रोज वापरतात. इंग्रजी राजवटीत मिताक्षरातल्या, म्हणजे हिंदू वारसाहक्काच्या जुन्या परंपरेतल्या, एकत्र कुटुंबासाठी इंग्रजी कायद्यातला हाच शब्द उचलला गेला आणि तो लावला फक्त पुरुषांना, जन्माने वाटेकरी होणारे मुलगे, नातू, पणतू. मुळात जो शब्द मुख्यतः बहिणींसाठी वापरला जायचा तो इथे येऊन बहिणींना बाहेर ठेवणारा शब्द झाला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलून मुलीला कोपार्सनर केलं, ते पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून, मग २००५ मध्ये केंद्राचा कायदा बदलला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ ला बाप जिवंत होता की नव्हता याने फरक पडत नाही. म्हणजे ग्लॉस्टरच्या तीन बहिणींना जो शब्द १३१४ मध्ये लागू होता तो आपल्याकडच्या बहिणींना लागू व्हायला जवळजवळ सातशे वर्षं गेली. मला हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ पुढे काही वाचू शकलो नव्हतो.

आता त्या तिघी बहिणी. थोरली एलेनॉर, तिचा नवरा डेस्पेन्सर. मधली मार्गारेट, तिचं लग्न राजाने आपल्या आधीच्या लाडक्याशी, पिअर्स गॅव्हेस्टनशी लावलं होतं, त्याला १३१२ मध्ये सरदारांनी ठार केलं, म्हणजे ती विधवा. धाकटी एलिझाबेथ, ती पण विधवा. सगळी मिळून जमीन वर्षाला साधारण सहा हजार पौंड उत्पन्नाची, त्या काळात ही रक्कम प्रचंड होती, चांगला सरदार वर्षाला काहीशे पौंडांत थाटात राहायचा. भाऊ मेला त्या दिवसापासून या तीन बायकांकडे बायका म्हणून बघणं बंद झालं, तिघी म्हणजे सहा हजाराचे तीन तुकडे.

वाटणी लगेच झाली नाही कारण वहिनीने, म्हणजे त्या मॉडने, सांगितलं की मला दिवस गेलेत. मूल झालं असतं तर बहिणींचा हक्कच संपत होता. नऊ महिने गेले, वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, मूल काही झालं नाही आणि तरी अधिकृतपणे ती गरोदरच होती, वकील त्यावर युक्तिवाद करत होते. राजाला ते सोयीचं होतं कारण तोपर्यंत सगळी इस्टेट त्याच्या ताब्यात राहत होती. डेस्पेन्सरला धीर धरवेना, त्याने १३१५ मध्ये टनब्रिजचा किल्लाच जाऊन ताब्यात घेतला, मग सोडावा लागला.

या मधल्या काळात मामाने एलिझाबेथला आयर्लंडहून बोलावून ब्रिस्टलच्या किल्ल्यात ठेवलं. १३१६ च्या फेब्रुवारीत थिओबाल्ड डी व्हर्डन नावाचा एक सरदार, आयर्लंडचा माजी बडा अधिकारी, तिला किल्ल्याबाहेरून घेऊन गेला आणि लग्न लावून मोकळा झाला. राजाने जाब विचारला तर तो म्हणाला की आमचं आयर्लंडमध्येच ठरलेलं होतं आणि ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. इतिहासाची आवड असलेले लोक यावर हौसेने वाद घालतात की ती पळून गेली की पळवली गेली. मला तो वाद फार महत्त्वाचा वाटत नाही, म्हणजे तिच्या मनात काय होतं ते महत्त्वाचं आहेच, पण तिचं म्हणणं त्या वेळी कुणी लिहूनच घेतलं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे. जाब द्यायचा होता तो थिओबाल्डला, आणि तो राजाला द्यायचा होता, कारण तिच्या लग्नाची परवानगी देणं हा राजाचा हक्क होता आणि मोडला गेला तर तो हक्क मोडला गेला. तिला विचारायला हवं होतं की बाई तू सांग काय झालं, हा प्रश्न त्या व्यवस्थेत कुणाच्या डोक्यातच आला नाही.

सहा महिन्यांत थिओबाल्ड तापाने मेला. ती पुन्हा विधवा, वय वीस, पोटात मूल. एम्सबरीच्या मठात तिची मावशी जोगीण होती तिच्याकडे गेली. तिथे मामाची पत्रं यायला लागली, लाडकी भाची वगैरे म्हणून, की माझ्या दरबारातला रॉजर डॅमोरी चांगला मुलगा आहे. रॉजरकडे स्वतःचं फार काही नव्हतं, राजाची मर्जी होती एवढंच. मूल झालं १३१७ च्या मार्चमध्ये आणि थोड्याच आठवड्यांत तिचं तिसरं लग्न लागलं. मधलीचंही लग्न त्याच सुमारास अशाच एका मर्जीतल्या माणसाशी, ह्यू ऑडलीशी. दोन्ही भाच्यांची लग्नं उरकल्यावर नोव्हेंबरमध्ये जमिनीची वाटणी एकदाची झाली. इथे तारखांकडे बघा. आधी दोन्ही विधवा बहिणींना राजाचे नवरे मिळाले, आणि मग त्यांना जमीन मिळाली.

आता याच्या शंभर वर्षं आधी, १२१५ मध्ये, मॅग्ना कार्टात स्पष्ट लिहिलं होतं की विधवेला नवऱ्याशिवाय राहायचं असेल तर तिच्यावर लग्नाची जबरदस्ती करायची नाही. त्याच कलमात पुढे लिहिलं होतं की मात्र राजाच्या संमतीशिवाय लग्न करणार नाही अशी हमी तिने द्यायची. शाळेत आपण मॅग्ना कार्टा म्हणजे स्वातंत्र्याची सनद एवढं एक वाक्य पाठ केलेलं असतं. एलिझाबेथला त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग हवा होता आणि तिच्या वाट्याला कायम दुसरा अर्धा आला.

१३२१-२२ मध्ये वेल्सच्या सीमेवरच्या सरदारांनी डेस्पेन्सरविरुद्ध बंड केलं, कारण तो शेजाऱ्यांच्या जमिनी एकेक करून गिळत होता, त्यात साडू पण आले. रॉजर आणि ऑडली दोघे बंडात होते. बंड मोडलं, रॉजरला देहदंड सुनावला आणि तो टटबरीला मरून गेला. मधली बहीण मार्गारेट एका मठात कैदेत. आणि एलिझाबेथला वेल्समधल्या अस्क इथे पोरांसकट पकडून लंडनजवळच्या बार्किंगच्या मठात ठेवलं. तिने स्वतः तलवार उचलली नव्हती, नवऱ्याने उचलली होती, पण जप्ती तिच्या माहेरच्या जमिनीवर आली. लग्न झालं की बाईची जमीन नवऱ्याच्या ताब्यात, आणि नवऱ्याने गुन्हा केला की जमीन राजाच्या ताब्यात, इतका सरळ रस्ता होता.

मग ते सुरुवातीला सांगितलेलं. अस्क तिच्या वाट्यातली सोन्यासारखी जमीन, ती डेस्पेन्सरला, बदल्यात वेल्समधलीच गाऊअर नावाची जमीन. आणि १३२२ च्या नाताळात तिला यॉर्कला राजाकडे बोलावलं. तिथे तिच्या सल्लागारांना तिच्यापासून वेगळं केलं. तिच्यासमोर एक दस्त ठेवला, यावर शिक्का कर. ती न करता निघून गेली तर वाटेत तिच्या माणसांना पकडलं, आणि निरोप आला की शिक्का केला नाहीस तर माझ्या राज्यात तुला एक वीतभर जमीन ठेवू देणार नाही, अशा अर्थाचा. त्या काळात सही नसायची, मेण वितळवून त्यावर आपली मुद्रा दाबायची. तिने दाबली. पुढे गाऊअर पण गेलं, डेस्पेन्सरने जुन्या मालकाला पुढे करून दावा लावला, कोर्टाने जुन्या मालकाच्या बाजूने निकाल दिला आणि त्याने ते डेस्पेन्सरला देऊन टाकलं. सगळं रीतसर. प्रत्येक पायरीला कागद, प्रत्येक कागदावर योग्य तो शिक्का.

या ठिकाणी मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर वडील, काका आणि दोन्ही आत्यांची नावं लागली. वर्षभराने हक्कसोडपत्र झालं, म्हणजे आत्यांनी आपला वाटा भावांसाठी सोडला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि गाडी चालवायला म्हणून बरोबर गेलो होतो. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गर्दी, पंखा फिरतोय पण वारा नाही, धाकटी आत्या काठपदराची साडी नेसून आलेली जणू काही कार्यच आहे. फोटो काढला, अंगठा मशीनवर ठेवला, उठला नाही म्हणून तिने पदराने पुसून पुन्हा ठेवला. क्लार्कने विचारलं, मजकूर मान्य आहे ना, राजीखुशीने देताय ना. तिच्या उजव्या बाजूला माझे वडील उभे, डाव्या बाजूला काका, मागे मी. ती हो म्हणाली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली नसतील. येताना सगळ्यांनी उसाचा रस प्यायला आणि काकांनी तिला साडी घेतली. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी लिहून ठेवतो, कारण तेच खरं आहे. आमच्या घरात सगळे चांगले लोक आहेत आणि चांगल्या घरांतच हे असं होतं, भांडण न होता.

आत्याला कुणी धमकी दिली नव्हती. पण नाही म्हणाली असती तर काय झालं असतं हे तिला माहीत होतं, राखीला कुणी आलं नसतं, दिवाळीला माहेर नाही, मुलीच्या लग्नात मामा उभा राहिला नसता, आणि उद्या सासरी काही झालं तर परत यायला दार नाही. राजाने एलिझाबेथला सांगितलं की वीतभर जमीन राहणार नाही, आत्याला कुणी काही सांगायचीच गरज नव्हती. म्हणून मी म्हणतो की सही म्हणजे संमती हे समीकरण चुकीचं आहे. नाही म्हटल्यावरही बाईचं बाकीचं आयुष्य जागेवर राहणार असेल तरच तिच्या हो ला अर्थ आहे.

यावर लोक म्हणतात की बहिणी खरंच प्रेमाने सोडतात, त्यांना लग्नात दिलेलं असतं. काही खरंच सोडतात, मान्य. पण सगळ्याच्या सगळ्या बहिणींना एकाच वेळी प्रेम येतं आणि भावांना बहिणींसाठी हक्क सोडण्याइतकं प्रेम कधीच येत नाही, असं कसं होतं याचं उत्तर द्यावं. दुसरं एक म्हणणं असतं की असल्या राजघराण्यातल्या बायकांसाठी कशाला गळा काढायचा, त्यांच्या ऐशोआरामाचा पैसा कुठून यायचा. हे म्हणणं मला पटतं आणि ते टाळून पुढे जायचं नाही. एलिझाबेथच्या जमिनी कसणारे कितीतरी लोक बंधनातली कुळं होती, धन्याला विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही, पोरीचं लग्न करायचं तर धन्याला त्याचे पैसे भरायचे. म्हणजे स्वतःच्या लग्नासाठी राजाची परवानगी लागते म्हणून जिने सोसलं तीच मॅनरची, म्हणजे गावावरच्या जहागिरीची, मालकीण म्हणून इतर बायकांच्या लग्नावर पैसे घेणाऱ्या व्यवस्थेत वरच्या जागेवर बसलेली होती. ती संत नव्हती. पण राजाची सख्खी भाची, हाताशी वकील, किल्ले, हजारोंचं उत्पन्न, आणि तिला एका खोलीत एकटं पाडून शिक्का घेता येतो, तर तिच्या मॅनरवरच्या बाईचं काय होत असेल, आणि आपल्याकडे ज्या बाईला दस्त वाचता येत नाही तिचं काय, हा हिशोब करायलाच तिची गोष्ट उपयोगी पडते.

आणि डेस्पेन्सरची बायको एलेनॉर, जिच्या घरात ती लुटीची जमीन आली, तिचं बघा. १३२६ च्या सप्टेंबरमध्ये राजाचीच बायको, राणी इझाबेला, त्याच्याविरुद्ध फौज घेऊन उतरली, नोव्हेंबरमध्ये डेस्पेन्सरला हेरेफर्डला हाल करून मारलं, राजाला पुढच्या जानेवारीत गादीवरून काढलं. एलेनॉर मुलांसकट लंडनच्या टॉवरमध्ये कैद, आणि तिच्या तीन मुलींना मठात नेऊन जबरदस्तीने जोगिणी केलं. जोगीण झालेल्या मुलीला वारसा मिळत नाही, म्हणजे तलवार न चालवता तीन वारस कमी. सुटल्यावर १३२९ मध्ये एलेनॉरला विल्यम ला झूशने पळवली, हा तोच माणूस ज्याने तिच्या मुलाला कॅरफिलीच्या किल्ल्यात वेढा घातला होता. मधल्या बहिणीची मुलगी, मार्गारेट ऑडली, एकुलती एक वारस, तिला १३३६ मध्ये राल्फ स्टॅफर्डने पळवली, आईबापांनी फिर्याद केली, तर राजा तिसऱ्या एडवर्डने राल्फला पाठीशी घातलं आणि बापाची समजूत काढायला त्याला अर्ल केलं. पुढे राल्फ पण अर्ल झाला. एका घरातल्या दोन बहिणी आणि एक भाची पळवली गेली, आणि शिक्षा होऊन कुणाची मान गेली असं एकदाही झालं नाही.

एलिझाबेथने मात्र एक गोष्ट केली जी मला सगळ्यात मोठी वाटते. १३२६ च्या मे महिन्यात, म्हणजे डेस्पेन्सर अजून पूर्ण सत्तेत होता आणि राणीची फौज यायला चार महिने होते, कुणालाच माहीत नव्हतं पुढे काय होणार, तेव्हा तिने क्लेअर या आपल्या गावी गुपचूप एक निवेदन लिहवून घेतलं. माझ्याकडून काय काय घेतलं, कसं घेतलं, यॉर्कला काय झालं, माझ्या माणसांना कसं पकडलं, ते सगळं. आणि हे शिक्के मी भीतीने केले, मर्जीने नाही. हा कागद सापडला असता तर तिचं उरलंसुरलं गेलं असतं. तिने तो उघड केला नाही, जपून ठेवला, उद्या दिवस बदलले तर पुरावा असावा म्हणून. दिवस बदलले आणि १३२७ मध्ये अस्क तिला परत मिळालं.

त्यानंतर ती तेहतीस वर्षं जगली आणि लग्न केलं नाही. स्वतःला लेडी ऑफ क्लेअर म्हणवून घ्यायची, तिन्ही नवऱ्यांच्या नावांपेक्षा माहेरच्या जमिनीचं नाव पुढे. तिच्या घराच्या हिशोबाच्या गुंडाळ्या आजही लंडनच्या सरकारी दप्तरात मोठ्या संख्येने शिल्लक आहेत आणि त्या वाचायला फार छान वाटतं, आज पाव किती लागला, बिअर किती उपसली, मुदपाकखान्यात मांस मासे काय, तबेल्यात घोडे किती आणि त्यांना दाणा किती, रोजच्या रोज. क्लेअर, बार्डफील्ड, अस्क, लंडन अशी ती फिरायची, कारभाऱ्यांचे हिशोब तपासायची, स्वतःचं सल्लागार मंडळ ठेवायची. केंब्रिजमधलं एक डबघाईला आलेलं हॉल, म्हणजे विद्यापीठातली शिकणाऱ्यांची राहण्याची संस्था, तिने १३३८ मध्ये हातात घेऊन नव्याने उभं केलं, तेच आजचं क्लेअर कॉलेज. १३५९ मध्ये त्याचे नियम लिहवले तेव्हा प्लेगने माणसं किती गेली होती त्याचा उल्लेख आहे, आणि विद्या हा मोलाचा मोती आहे, तो लपवून ठेवायचा नसतो असंही म्हटलंय. गरीब मुलांची सोय लावून दिली. त्या कॉलेजच्या ढालीवर क्लेअर आणि बर्ग घराण्यांच्या खुणा आहेत आणि भोवती काळी किनार, त्यावर सोनेरी थेंब, लोक त्यांना आसवं म्हणतात. तिच्या पैशाने चाललेल्या त्या कॉलेजात मुलींना पहिल्यांदा प्रवेश मिळाला १९७२ मध्ये, सहाशे चौतीस वर्षांनी.

हे तेहतीस वर्षांचं आयुष्य दाखवून बरेच लोक म्हणतात बघा मध्ययुगातल्या बायका किती कर्तबगार, किती स्वतंत्र. मला हे कौतुक अर्धवट वाटतं. ती कर्तबगार होतीच, पण स्वतंत्र कधी झाली, तर बाप, भाऊ, तीन नवरे, मामा आणि मेव्हणा हे सगळे पुरुष मेल्यावर किंवा सत्तेतून गेल्यावर. तिच्या कर्तबगारीला जागा मिळाली ती एवढी माणसं वाटेतून गेल्यामुळे. जी बाई फक्त विधवा झाल्यावर आपल्या जमिनीची मालकीण होते तिच्या काळाला बायकांचा काळ म्हणायला माझं मन धजत नाही. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या ताब्यात ठेवायचा पुरा हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. आणि राजगादीसाठी मुलगामुलगी भेद २०१३ च्या कायद्याने काढला तरी सरदारांच्या वंशपरंपरागत पदव्या बहुतेक अजून मुलांकडेच जातात, घरात थोरली मुलगी असली तरी. कायदा एका दारातून आत येतो आणि दुसऱ्या दाराला कडी तशीच राहते.

आपल्याकडे आता कायद्याचं दार उघडं आहे, कडी आहे ती त्या निबंधक ऑफिसातल्या दहा मिनिटांत. म्हणून माझी मागणी तिथली आहे. बहिणीचं हक्कसोडपत्र नोंदवताना तिला भावांपासून वेगळं बसवून विचारलं पाहिजे, आणि तिच्या बाजूने तिचं स्वतःचं कुणीतरी, वकील, मैत्रीण, मुलगी, तिथे असलं पाहिजे. यॉर्कला एलिझाबेथची माणसं बाजूला काढून तिला एकटं पाडलं, माझ्या आत्याला माणसांच्या गराड्यात एकटं पाडलं. सोडत असलेल्या वाट्याची आजच्या बाजारभावाने किंमत काय हे तिला दस्तातच मोठ्या अक्षरात वाचून दाखवलं पाहिजे, कारण आत्याला आपण किती सोडलं तो आकडा हायवेचं काम निघालं तेव्हा पेपरात वाचून कळला. वारस नोंद आणि हक्कसोड यांच्यात सक्तीचं काही अंतर पाहिजे, सुतक फिटायच्या आत कागद तयार असतात अशी घरं मी पाहिली आहेत. घरातल्या जवळच्या नात्यात हक्क सोडायला स्टॅम्प ड्युटी नाममात्र लागते, सोडणं इतकं स्वस्त आणि सोपं आहे, आणि बहिणीने वाटणी मागायची तर दिवाणी दाव्यात वर्षानुवर्षं जातात, हा तोल पण बदलला पाहिजे.

आणि एक मुदतीचं. दबावाखाली दिलेला दस्त रद्द करून मागायचा असेल तर आपल्याकडे साधारण तीन वर्षांत दावा लावावा लागतो. जो भाऊ आज गावचा कारभारी आहे, ज्याच्या शब्दावर आईचं औषधपाणी चालतं, तो तीन वर्षांनीही तिथेच असतो. बाई बोलते ती आई गेल्यावर, मुलं मिळवती झाल्यावर, दहा पंधरा वर्षांनी, आणि तेव्हा वकील सांगतो की बाई मुदत गेली. एलिझाबेथने अस्कवर शिक्का केला १३२२ मध्ये आणि ते तिला परत मिळालं १३२७ मध्ये. पाच वर्षं. आपल्या मुदतीच्या कायद्याने बघितलं तर तिचा तो जपून ठेवलेला कागद उघडण्याआधीच बाद झाला असता.